ठिपके रडारचे, रेघ अंदाजाची

रडारच्या पडद्यावर वीस-पंचवीस विमानं दिसतात. प्रत्येकाच्या मागे त्याची वाट दाखवणारी रेघ, शेजारी नाव, उंची, वेग. चित्र इतकं नेटकं असतं की ते सगळं रडारनेच काढलं असं वाटावं. रडारने मात्र फक्त ठिपके दिलेले असतात, तेही थांबून थांबून. विमानतळाजवळच्या रडारची अँटेना साधारण चार-पाच सेकंदांत एक फेरी मारते, लांब पल्ल्याच्या रडारची दहा-बारा सेकंदांत. ताशी 900 किलोमीटर वेगाने जाणारं विमान बारा सेकंदांत तीन किलोमीटर पुढे गेलेलं असतं. मधल्या वेळात ते कुठे होतं हे रडारला ठाऊक नसतं. मागचा कुठला ठिपका आणि आताचा कुठला ठिपका एकाच विमानाचे, हे ठरवावं लागतं, आणि ते काम अल्गोरिदमचं. रडारबद्दलचे बरेचसे गैरसमज दिसणं आणि ठरवणं यांची गल्लत केल्यामुळे होतात.

गैरसमज : रडारला विमान ओळखता येतं

प्राथमिक रडार रेडिओलहरी सोडतं आणि कशावर तरी आपटून परत आलेला प्रतिध्वनी टिपतं. त्यातून अंतर कळतं, दिशा कळते. हवाई वाहतुकीच्या नेहमीच्या प्राथमिक रडारला उंची कळत नाही आणि नावही कळत नाही. नाव-उंची येते ती दुय्यम रडारकडून. ते 1030 मेगाहर्ट्झवर प्रश्न विचारतं आणि विमानातला ट्रान्सपाँडर 1090 मेगाहर्ट्झवर उत्तर देतो.

या फरकाची किंमत आपल्या देशाने मोजली आहे. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचं बोइंग 747 आणि कझाकस्तानचं इल्युशिन-76 एकमेकांवर आदळली. 349 माणसं गेली, कुणीही वाचलं नाही. सौदी विमानाला 14 हजार फुटांवर आणि कझाक विमानाला 15 हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं. कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आलं, हेच अपघाताचं कारण ठरलं. पण त्या वेळी दिल्ली विमानतळावर फक्त प्राथमिक रडार होतं. समोरासमोर येणारे दोन ठिपके नियंत्रकाला दिसू शकत होते, त्यांच्यातलं हजार फुटांचं अंतर संपत चाललंय हे मात्र पडद्यावर दिसण्याची सोयच नव्हती.

विमान स्वतःच नाव सांगत असेल तर अल्गोरिदम हवा कशाला, असं कुणी विचारेल. शत्रूचं विमान, क्षेपणास्त्र, ट्रान्सपाँडर नसलेली होडी, पक्ष्यांचा थवा यांपैकी कुणी उत्तर देत नाही. शिवाय दोन विमानं जवळजवळ असली की त्यांची उत्तरं एकमेकांत मिसळून दोन्ही नासतात.

गैरसमज : नवा ठिपका सर्वांत जवळच्या विमानाला जोडला की झालं

हा गैरसमज सर्वांत समंजस आहे, म्हणूनच इथे जरा थांबायला हवं. विमान एकच असेल आणि आकाश मोकळं असेल तर ही पद्धत चालते. पण दादरच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता एका ओळखीच्या माणसाचा पाठलाग करायचा आहे, डोळे दर दहा सेकंदांनी एकदाच उघडायचे आहेत आणि सगळ्यांनी पांढरे शर्ट घातले आहेत, अशी कल्पना करा. जो सर्वांत जवळ तोच आपला, हा नियम तिथे किती वेळ टिकेल?

पहिली अडचण 'जवळ' कशाला म्हणायचं ही. रडार अंतर अचूक मोजतं, दिशा तितकी अचूक मोजत नाही. दिशेत एक दशांश अंशाची चूक असली, तर 200 किलोमीटरवर ती जवळजवळ 350 मीटर होते. अंतरातली चूक मात्र 50 मीटरच असू शकते. मग विमान आता कुठे असेल याच्या अंदाजापेक्षा 350 मीटर बाजूला पडलेला ठिपका सहज आपला असू शकतो आणि 200 मीटर पुढे पडलेला बहुधा नसतो. म्हणून अंतर मीटरांत न मोजता, किती चूक अपेक्षित होती याच्या पटीत मोजतात. हे माप आपल्याकडचं आहे. कोलकात्यात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट उभारणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ते 1936 मध्ये मांडलं, तेही माणसांच्या शरीरमापांची तुलना करता करता. आज जगभरच्या ट्रॅकरमध्ये, म्हणजे माग काढणाऱ्या अल्गोरिदममध्ये, ठिपका स्वीकारायचा की नाही हे त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंतरावर ठरतं. अंदाजाच्या जागेभोवती एक लंबगोल कुंपण घालायचं आणि आत पडेल त्याचाच विचार करायचा.

दुसरी अडचण कुंपणं एकमेकांवर चढली की येते. प्रत्येक विमानाने आपापला जवळचा ठिपका उचलला तर दोघं एकाच ठिपक्यावर हक्क सांगतात. सगळ्यांची वाटणी एकत्र करायची म्हटलं, तर दहा विमानं आणि दहा ठिपके यांच्या जोड्या 36 लाख 28 हजार 800 प्रकारे लागतात. वीस-वीस असतील तर ही संख्या 24 वर 17 शून्यं देऊन येते तेवढी. सुदैवाने सगळ्या तपासाव्या लागत नाहीत. हॅरॉल्ड कून यांनी 1955 मध्ये मांडलेली 'हंगेरियन पद्धत' एका फेरीपुरती सर्वोत्तम वाटणी झटपट काढून देते.

पण एका फेरीत सर्वोत्तम वाटलेली वाटणी पुढच्या फेरीत चूक ठरू शकते. दोन विमानं एकमेकांना ओलांडतात त्या क्षणी ठिपके जवळजवळ एकाच जागी असतात. तिथे चुकीची जोडी लागली की नावांची अदलाबदल होते आणि पडद्यावर काहीही वावगं दिसत नाही. डोनाल्ड रीड यांनी 1979 मध्ये यावर वेगळाच मार्ग सुचवला. निर्णय आत्ता घ्यायचाच नाही. सगळ्या पटण्याजोग्या शक्यता सोबत ठेवायच्या, प्रत्येकीची संभाव्यता मोजत राहायचं आणि पुढचे ठिपके आले की फोल ठरलेल्या छाटायच्या. संगणकाला हे महाग पडतं, पण माझ्या मते या विषयातला सर्वांत प्रामाणिक विचार हाच.

स्वस्त पर्याय म्हणजे कुंपणातल्या सगळ्या ठिपक्यांची त्यांच्या संभाव्यतेनुसार सरासरी घेणं. याकोव्ह बार-शालोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये ही पद्धत अनेक लक्ष्यांसाठी मांडली, आणि तीही पाण्याखालच्या सोनारसाठी. ती खूप वापरली जाते. तिची खोड अशी, की दोन विमानं बराच वेळ शेजारून उडाली तर दोन्ही रेघा हळूहळू मधोमध येऊन एकमेकींत मिसळतात, जिथे मुळात विमानच नसतं.

गैरसमज : ठिपका उमटला म्हणजे तिथे काहीतरी आहे

खोट्या ठिपक्याची शक्यता दहा लाखांत एक इतकी कमी ठेवली, तरी एका फेरीत दहा लाख कप्पे तपासणाऱ्या रडारला दर फेरीत सरासरी एक खोटा ठिपका मिळतोच. त्यात डोंगर, लाटा, पवनचक्क्या आणि पक्षी यांची भर. दुसऱ्या महायुद्धात रडारवाले काही गूढ प्रतिध्वनींना 'देवदूत' म्हणत. त्यांतले कित्येक पक्षी असल्याचं डेव्हिड लॅक आणि जॉर्ज व्हार्ली यांनी 1945 मध्ये दाखवलं. म्हणून ट्रॅकर एका ठिपक्यावर विश्वास ठेवत नाही. उदाहरणार्थ, पाचांतल्या तीन फेऱ्यांत सुसंगत जागी ठिपका आला तरच माग पक्का धरायचा, असा नियम असतो.

गैरसमज : माग सुटला म्हणजे रडार कमी पडलं

25 फेब्रुवारी 1991. आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरान इथे इराकचं स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं, 28 सैनिक मेले. संरक्षणासाठी पॅट्रियट यंत्रणा तैनात होती. तिचं रडार धड होतं. अशी यंत्रणा लक्ष्य एकदा दिसलं की ते पुढच्या क्षणी कुठे असेल याचं गणित करते आणि नेमक्या त्याच पट्ट्यात पुन्हा पाहते. तिचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजायचं. एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत कधीच पूर्ण लिहिता येत नाही, आणि इथे ती 24 बिटांवर तोडली होती. चूक नगण्य, पण साचत जाणारी. यंत्रणा सलग 100 तास चालू राहिली तोवर ती सुमारे 0.34 सेकंदांवर गेली, आणि पाहण्याचा पट्टा 687 मीटर सरकला. त्या पट्ट्यात काहीच सापडलं नाही, म्हणून आधी दिसलेलं क्षेपणास्त्र खोटा ठिपका ठरवून सोडून दिलं गेलं.

यंत्रणा फिरती, काही तासच चालवायची, या हिशेबाने बनवली होती. सलग आठ तासांनंतरही अचूकता घसरते हे इस्रायलींनी 11 फेब्रुवारीलाच कळवलं होतं. सुधारलेलं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं ते 26 तारखेला.

माग सुटण्याचं दुसरं, रोजचं कारण म्हणजे वळण. 1960 मध्ये रुडॉल्फ काल्मन यांनी दिलेला फिल्टर अंदाज आणि मोजमाप यांचा तोल साधतो, पण त्याला विमान सरळ जातंय असंच सांगितलं असेल तर वळणाऱ्या विमानाची रेघ मागे रेंगाळते. म्हणून हेंक ब्लोम आणि बार-शालोम यांच्या 1988 च्या पद्धतीत सरळ जाणारं, वळणारं अशी हालचालीची अनेक प्रतिरूपं समांतर चालतात.

गैरसमज : रडारं वाढवली, संगणक वेगवान घेतला की प्रश्न मिटतो

दोन रडारांच्या दिशांत बारीकसा फरक राहिला, तर एकाच विमानाची दोन विमानं होतात. वेगवान संगणक जास्त शक्यता तपासतो एवढंच. ठिपक्यातच नसलेली माहिती तो कुठून आणणार?

गैरसमज : मोबाइलवर दिसतं ते रडार

फ्लाइटरडार24 सारख्या ॲपवर मुख्यतः विमानांनी स्वतः जाहीर केलेल्या जागा दिसतात. विमान उपग्रहांवरून आपलं ठिकाण काढतं, 1090 मेगाहर्ट्झवर सांगतं आणि जमिनीवरचे रिसीव्हर ते ऐकतात. विमान गप्प बसलं की ॲपलाही ते दिसेनासं होतं. 8 मार्च 2014 रोजी मलेशियाच्या एमएच 370 चा ट्रान्सपाँडर बंद झाला आणि नागरी नियंत्रकांच्या पडद्यावरून ते गेलं. मलेशियाच्या लष्करी प्राथमिक रडारवर मात्र ते मागे वळून द्वीपकल्प ओलांडून अंदमान समुद्राकडे जाताना नोंदलं गेलं होतं. तेव्हा एखादं विमान 'रडारवरून गायब' झाल्याची बातमी वाचाल, तर आधी विचारा : ट्रान्सपाँडर गप्प झाला, प्रतिध्वनी थांबला, की अल्गोरिदमने माग सोडला?