संगणकाच्या नोंदवहीत काय असतं?

गटाची माहिती भरताना पडद्यावर ‘सर्व्हर एरर’ आलं, की सगळ्यांच्या नजरा माहिती भरणाऱ्या ताईकडे वळतात. चूक खरंच तिची असते का? ती शोधतात कशी, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आपण भरलेली माहिती डेटाबेस सर्व्हर नावाच्या दूरच्या संगणकावर साठते. बटण दाबलं की ॲप त्याला एक हुकूम पाठवतं. त्याला म्हणतात क्वेरी. हुकूम पाळता आला नाही आणि सर्व्हरचा लॉग, म्हणजे नोंदवही, चालू असेल, तर तो तिथे लिहितो: वेळ, काय अडलं आणि नेमका हुकूम कोणता.

समजा, नव्या गटाचे सभासद अजून भरलेले नाहीत आणि ॲपने दरडोई बचत मागितली. शून्याने भागायचं कसं? पोस्टग्रेस हा डेटाबेस तिथे थांबतो. या चुकीचा त्याच्याकडचा क्रमांक २२०१२. लॉगमध्ये तोच हुकूम वारंवार अडलेला दिसला, की कळतं: हुकूम लिहितानाच शून्याचा विचार राहिला. ताईचा दोष नाही.

पण लॉगमध्ये हजारो ओळी असू शकतात. म्हणून तारीख, वेळ, गटाचं नाव आणि पडद्यावरचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहा, तक्रारीत तेच सांगा. पासवर्ड मात्र कुणाला सांगू नका. आणि हप्ता पुन्हा भरण्याआधी पहिली नोंद झाली का, ते बघा!