घटकाभराचा संत्रागंध

संत्र्याची साल दुमडून दाबली की बारीक तुषार उडतात आणि वास लगेच पसरतो. हे तुषार म्हणजे सालीच्या केशरी थरातल्या सूक्ष्म पिशव्यांमधले तेल. गोड संत्र्याच्या तेलात ९० टक्क्यांहून अधिक लिमोनिन असते. त्याचे रेणू हलके असल्याने ते झटकन हवेत उडतात. संत्र्याचे परफ्यूम लावताक्षणी मन प्रसन्न करते ते यामुळे, आणि बघता बघता विरते तेही यामुळेच. नुसत्या लिमोनिनला मात्र संत्र्याची सर नाही. रसाळपणा येतो तो ऑक्टॅनल, डेकॅनल अशा नावापुरत्या असलेल्या घटकांमुळे.

परफ्यूम बनवणाऱ्यांना खरे अप्रूप कडू संत्र्याचे. आपले नागपुरी संत्रे मँडरिन गटातले. कडू संत्र्याचे झाड वेगळे. त्याच्या सालीतून तेल निघते, पाने आणि कोवळ्या डहाळ्यांतून किंचित कडसर, हिरवट वासाचे पेटिग्रेन, तर फुलांच्या ऊर्ध्वपातनातून नेरोली. तीच फुले द्रावकात भिजवली तर मधाळ, दाट अर्क मिळतो. ट्युनिशियातल्या नाबूल परिसरात वसंतात ही फुले हाताने खुडतात. किलोभर नेरोलीला साधारण टनभर फुले लागतात, त्यामुळे किंमत सांगायलाच नको. गोड संत्र्याचे तेल रसाच्या कारखान्यांत जोडउत्पादन म्हणून निघते, म्हणून स्वस्त.

या गंधाला युरोपात प्रतिष्ठा मिळवून दिली ती योहान मारिया फारिना या इटालियन माणसाने. जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ साली सुरू झालेल्या पेढीतून त्याने बर्गमोट, लिंबू, संत्रे यांची तेले मद्यार्कात मिसळून ‘ओ द कोलोन’ विकायला आणले. कस्तुरीसारख्या जड वासांना सरावलेल्यांना ते फारच हलके वाटले असणार. नेपोलियन तर कोलोन अक्षरशः अंगावर ओतून घेई.

उडून जाणारा हा वास थोडा तरी रेंगाळावा म्हणून त्याच्या तळाशी देवदार, कस्तुरीगंध किंवा आपला वाळा घालतात. परफ्यूमकार एदमाँ रूदनित्स्का यांनी १९६६ च्या ‘ओ सोवाज’ या परफ्यूममध्ये लिंबूवर्गीय तेलांना जाईच्या छटेच्या हेडिओन या रसायनाची जोड दिली. तरीही लिंबूवर्गीय परफ्यूम दिवसातून दोनदा लावावे लागते, आणि उकाड्यात ते फारसे खटकतही नाही.

बाटली मात्र उन्हात ठेवू नये. हवा आणि उष्णतेने लिमोनिनचे ऑक्सिडीकरण होऊन वास बिघडतो, त्वचेला ॲलर्जीही होऊ शकते. बर्गमोटच्या तेलातल्या बर्गाप्टेनमुळे उन्हात त्वचा भाजून काळे डाग पडतात. म्हणून हल्ली तो घटक काढून टाकलेले तेल वापरले जाते.