कार्यालयीन ई-मेलमधील स्पॅम : चाळणी किती बारीक असावी?

लखनौमध्ये रायबरेली मार्गावर भारतीय ऊस संशोधन संस्था आहे. ती १९५२ पासून उसावर काम करते. शहराबाहेर काकोरीच्या बाजूला रहमानखेडा येथे केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्था आहे; तिचे काम आंबा, पेरू यांसारख्या फळपिकांवर चालते. अशा संशोधन संस्थांकडे दूरच्या राज्यांतून येणाऱ्या प्रश्नांचा एक महत्त्वाचा मार्ग ई-मेल हा आहे. मात्र ई-मेल पाठवूनही उत्तर येत नाही, ही विस्तार कार्यकर्त्यांची नेहमीची तक्रार असते. ती पुष्कळदा खरी असते. याचे कारण दरवेळी अनास्थाच असते असे नाही. अनेकदा पत्र वाचलेच गेलेले नसते. ते शास्त्रज्ञाच्या खात्यात पोहोचून स्पॅमच्या कप्प्यात पडून असते.

हे का घडते, हे समजण्यासाठी चाळणी कशी विचार करते ते पाहावे लागेल. अनाहूत जाहिरातीचा पहिला ई-मेल ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत पाठवला गेला. डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीच्या गॅरी थ्युर्क यांनी तो सुमारे ४०० जणांना धाडला होता. पुढे ही पीडा वाढत गेली. प्रारंभीच्या चाळण्या ठरावीक शब्द पाहून पत्र अडवीत. शब्दाचे एक अक्षर बदलले की त्या फसत. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी एका लेखात वेगळी दिशा मांडली. वापरकर्त्याने स्वीकारलेली आणि टाकून दिलेली पत्रे पाहून, कोणता शब्द कोणत्या गटात किती वेळा येतो याची संभाव्यता काढायची आणि त्यावरून नव्या पत्राचा निवाडा करायचा, अशी ती पद्धत होती. ही कल्पना त्यांच्या आधीही मांडली गेली होती, पण ती रुजली या लेखानंतर. त्यातील एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. चांगल्या पत्रांत आढळलेल्या शब्दाची संख्या ग्रॅहम मुद्दाम दुप्पट धरीत असत. एखादे स्पॅम निसटले तरी चालेल, पण कामाचे पत्र अडकता कामा नये, असा पक्षपात त्यांनी गणितातच घालून ठेवला होता.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला हा विचार परका नाही. १९५९ मध्ये स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्थिक नुकसानीच्या पातळीची कल्पना मांडली, तेव्हापासून शेतातील शेवटची कीड मारणे हे आपले उद्दिष्ट राहिलेले नाही. उसावरील पाकोळीचेच उदाहरण घ्या. एपिरिकॅनिया हा परोपजीवी पतंग पाकोळीच्या पिलांवर आणि प्रौढांवर जगतो. पानांवर त्याचे पांढरे कोष दिसू लागले असताना कीटकनाशक फवारले, तर पाकोळी काही काळ कमी होते. पण तिला आवर घालणारा मित्रकीटकही जातो. ई-मेलची चाळणी अति बारीक केली की असेच होते. स्पॅमअसॅसिन ही मुक्त प्रणाली प्रत्येक पत्राला संशयाचे गुण देते आणि मुळात ५ ही मर्यादा धरते. ‘फार कचरा येतो’ म्हणून कोणी ती मर्यादा ३ वर आणली, तर कचरा घटेल हे खरे. परंतु त्याबरोबर काय गेले, याची मोजणी कोणी करीत नाही. निसटलेले स्पॅम डोळ्यांसमोर येते आणि चीड आणते. अडकलेले पत्र दिसत नसल्याने त्याची तक्रारही होत नाही.

आता संशोधन संस्थेच्या टपालाची खरी विसंगती पाहू. शास्त्रज्ञाच्या खात्यात येणाऱ्या स्पॅमचा मोठा भाग भक्षक नियतकालिकांचा असतो. शोधनिबंधावर पत्रव्यवहारासाठी लेखकाचा पत्ता छापलेला असतो. तेथूनच तो उचलला जातो. ‘आपला अमुक निबंध आम्ही अत्यंत आदराने वाचला’ असे म्हणत कधी हृदयरोगाच्या, तर कधी नॅनोतंत्रज्ञानाच्या मासिकासाठी लेख मागितला जातो. शुल्काचा आकडा नंतर कळतो. ही केवळ चेष्टेची बाब नव्हे. हैदराबादच्या ओमिक्स समूहावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये दावा लावला आणि २०१९ मध्ये तेथील न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. समीक्षणाबाबत खोटे दावे करणे आणि शुल्क दडवणे, हे त्यातील प्रमुख आक्षेप होते.

अशी पत्रे चाळणीतून सहज पार होऊ शकतात. त्यांची भाषा शास्त्रीय असते, त्यात निबंधाचे शीर्षक असते आणि पाठवण्याची तांत्रिक कागदपत्रे चोख असतात. उलट शेतकऱ्याचे पत्र कसे असते? अनोळखी मोफत खाते, विषयाची ओळ कोरी, मजकूर एक शब्दही नाही आणि सोबत मोबाइलवर काढलेली पाच छायाचित्रे. ज्याला खरी मदत हवी आहे त्याचे पत्र यंत्राला संशयास्पद दिसते आणि ज्याला पैसे काढायचे आहेत त्याचे सभ्य दिसते. ही विसंगती यंत्राच्या मर्यादा वरखाली करून सुटणारी नाही. दोन्ही टोकांच्या माणसांनी थोडी सवय बदलली तर ती बरीच आटोक्यात येते.

कार्यालयाच्या टोकाला पहिली गोष्ट म्हणजे स्पॅमचा कप्पा दररोज, निदान एक दिवसाआड उघडणे. जीमेलसारख्या सेवेत तेथील पत्रे ३० दिवसांनी आपोआप नष्ट होतात. म्हणजे दीर्घ रजेवरून परतणाऱ्याला काही पत्रे कधीच दिसणार नाहीत. कामाचे पत्र तेथे सापडले तर ते नुसते वाचून थांबू नये. ‘स्पॅम नाही’ हे बटण दाबावे, कारण त्यातूनच यंत्र शिकते. याउलट, आपणच कधी नोंदणी केलेल्या वार्तापत्राचा कंटाळा आला तर त्याला स्पॅम ठरवू नये. नोंदणी रद्द करावी. (हे वाचणाऱ्यांपैकी कोणी या वार्तापत्राबाबत तसे करण्याच्या विचारात असेल, तर त्यालाही हीच विनंती.)

विश्वासू पत्त्यांच्या यादीविषयी मात्र सावध राहावे. विशिष्ट कृषी विज्ञान केंद्राचा पूर्ण पत्ता यादीत घालणे योग्य. ‘जीमेलचे सर्व पत्ते’ अशी मुभा देणे म्हणजे चाळणी काढून ठेवणे होय. त्याहून धोकादायक म्हणजे आपल्याच संस्थेच्या नावाने येणारी सर्व पत्रे बिनतपासणी आत घेणे. पाठवणाऱ्याचे नाव कोणीही काहीही लिहू शकतो, आणि फसवणाऱ्याला संस्थेचेच नाव सर्वांत सोयीचे असते. लखनौच्या आसपास हिवाळ्यात मोहरी फुलते, तेव्हा सिरफिड माश्या फुलांवर घोंघावतात. रंगाने त्या मधमाशीसारख्या दिसतात. पण पंख मोजले की उलगडा होतो, मधमाशीला दोन जोड्या असतात आणि माशीला एकच. ई-मेलमध्ये नाव हा रंग आणि पत्त्यातील ‘अ‍ॅट’ चिन्हानंतरचा भाग म्हणजे पंख. तो मोजल्याशिवाय ओळख पटवू नये. ‘मी बैठकीत आहे, दूरध्वनी करू नका, तातडीचे एक काम आहे’ असे संचालकांच्या नावाने येणारे पत्र बहुधा एखाद्या मोफत खात्यावरून आलेले असते आणि पुढे भेटकार्डे विकत घेण्याची मागणी होते. दूरध्वनी नको असे लिहिले आहे, म्हणूनच दूरध्वनी करावा.

पंख तपासूनही एक प्रकार निसटतो. सहकाऱ्याचे खाते खरोखरच दुसऱ्याच्या हाती गेले असेल, तर पत्ताही खरा आणि तांत्रिक कागदपत्रेही खरी असतात. अशा वेळी कोणतीही चाळणी उपयोगी पडण्याची शक्यता कमीच. उपयोगी पडते ती द्विस्तरीय ओळख तपासणी आणि संकेतशब्द कोणत्याही दुव्यावर न देण्याची शिस्त. केंद्र शासनाच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल खाती अलीकडे झोहोच्या व्यासपीठावर गेली. अशा बदलाच्या काळात ‘खाते चालू ठेवण्यासाठी येथे नोंद करा’ हे आमिष सर्वांत सहज गळी उतरते. पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

पाठवणाऱ्याच्या टोकाला, म्हणजे शेतकरी आणि विस्तार कार्यकर्त्यांकडे, काम सोपे आहे. विषयाच्या ओळीत पीक, वाण, गाव, तालुका आणि अडचण मराठीतच लिहावी : ‘ऊस, शेंडा पोखरणारी कीड, तालुका अमुक’. मजकुरात लागवडीची तारीख, आधी केलेल्या फवारण्या आणि आपला दूरध्वनी क्रमांक द्यावा. दोन स्पष्ट छायाचित्रे पुरेत : एक नुकसानग्रस्त भागाचे जवळून, दुसरे संपूर्ण झाडाचे. ती थेट जोडावीत. झिप धारिका किंवा लघुदुवा पाठवू नये, कारण दोन्हींवर चाळणीची वक्रदृष्टी असते. एकच प्रश्न वीस संस्थांना एकत्र पाठवण्याची सवयही संशय वाढवते. संस्थांच्या कागदांवर पत्ता कधी कंसातील ‘अ‍ॅट’ आणि ‘डॉट’ अशा शब्दांनी लिहिलेला असतो. ते शब्द तसेच टंकित न करता त्यांच्या जागी मूळ चिन्ह आणि टिंब घालावे. पत्ते गोळा करणाऱ्या यंत्रांना चकवण्यासाठी केलेली ती युक्ती आहे, पण तिने चकलेली माणसेही कमी नाहीत.

कृषी विज्ञान केंद्रे शेकडो शेतकऱ्यांना सल्लापत्रे पाठवतात, त्यांच्यासाठी आणखी एक बाब. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने पत्ते खरे असल्याचे प्रमाण देणे बंधनकारक केले आहे. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांसाठी नियम अधिक कडक आहेत. त्यांच्या विरोधातील स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहणे अपेक्षित आहे. आपले केंद्र त्या संख्येपर्यंत पोहोचत नसले तरी एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी संगणक विभागाकडून तपासून घ्याव्यात. पहिली नोंद त्या नावाने टपाल पाठवण्याचा अधिकार कोणत्या यंत्राला आहे हे सांगते. दुसरी वाटेत मजकूर बदलला नाही याची खूण देते. त्यांच्या अभावी पाऊस येण्यापूर्वीचा पीक सल्ला पाऊस पडून गेल्यावर स्पॅममध्ये सापडतो.

आणि चार दिवसांत उत्तर आले नाही तर पुन्हा ई-मेल पाठवण्याऐवजी संस्थेत दूरध्वनी करावा. पाठवल्याची तारीख आणि आपला ई-मेल पत्ता सांगितला की समोरच्याला स्पॅममध्ये शोध घेता येतो. ३० दिवसांच्या आत असेल तर पत्र बहुधा मिळते.