खोली कोणाच्या नावावर? लोअर परळच्या घरांतले काही ठाम गैरसमज

चाळीत कोणाचे आईवडील थकले की दोन गोष्टींची चर्चा सुरू होते: औषधपाण्याचं कोण बघणार आणि खोली कोणाच्या नावावर होणार. पहिली चर्चा घरात, हळू आवाजात चालते. दुसरी गॅलरीत, आणि तिथे प्रत्येकाकडे ठाम उत्तर असतं. "विल करून टाका, विषय संपला." "नॉमिनी लावलाय ना, मग कसली काळजी?" "बाबांकडून मुखत्यारपत्र घेऊन ठेव." तिन्ही उत्तरं अर्धवट आहेत. त्यातलं पहिलं तर लोअर परळच्या जुन्या चाळींत बहुतेकदा लागूच पडत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

या चाळींतली खोली पागडीची असते. आजोबांनी गिरणीत असताना पैसे मोजून घेतली, म्हणून घरातले सगळे ती 'आपली' समजतात. पण कायद्याच्या लेखी आपण भाडेकरू. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 56 ने पागडी घेणं-देणं कायदेशीर केलं, तरी त्यामुळे भाडेकरू मालक झाला नाही. आणि राहत्या जागेचा भाडेहक्क मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये वसंत प्रताप पंडित विरुद्ध अनंत त्रिंबक सबनीस या मुंबईच्याच प्रकरणात हे स्पष्ट केलं. तो निकाल जुन्या मुंबई भाडे कायद्याखालचा असला, तरी नव्या कायद्यातल्या कलम 7(15)(ड) ची रचना तीच आहे. भाडेकरू गेल्यावर, त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहत असलेला कुटुंबातला सदस्य भाडेकरू होतो. तसं कोणीच राहत नसेल तर वारसांपैकी एक, आणि त्यांचं एकमत झालं नाही तर न्यायालय ठरवेल तो. मुंबईत त्यासाठी धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयाची पायरी चढावी लागते.

म्हणजे वडिलांनी वकिलाकडून सुंदर टाइप केलेल्या विलमध्ये "माझी खोली धाकट्याला" असं लिहून ठेवलं, तरी ते वाक्य खोलीपुरतं निरुपयोगी ठरतं. इथे वजन पडतं ते सोबत राहण्याला. कायद्याने 'मुलगा' असा शब्द वापरलेला नाही, 'कुटुंबातील सदस्य' असं म्हटलं आहे. माहेरी राहून आईचं सगळं करणाऱ्या मुलीला "तुझा काय संबंध" असं सर्रास ऐकवलं जातं. तिने हे कलम नीट वाचून घ्यावं.

आता कपाटातली ती प्लास्टिकची पिशवी काढा. प्रत्येक घरात ती असते. रेशनकार्ड, एलआयसीच्या पॉलिसी, गिरणीचा जुना पास, आणि रबरबँड लावून ठेवलेल्या भाडेपावत्या. सगळ्यात वरची पावती बघा. नाव बहुधा आजोबांचं असतं, जे जाऊन तीस वर्षं झाली. घरमालकाचा माणूस दर महिन्याला भाडं घेतो, गेलेल्या माणसाच्या नावाने पावती फाडतो, आणि घरातही कोणाला त्यात वावगं वाटत नाही. पुनर्विकासाची नोटीस येईपर्यंत हे चालतं. मग पात्रतेच्या यादीत आजोबांचं नाव आणि दारात डोंबिवली, विरार, बदलापूरहून आलेले सगळे चुलत. पावती नावावर करून घेण्याचं काम वडील हयात असताना, त्यांच्या आणि आत्या-काकांच्या लेखी संमतीने करावं. रेशनकार्ड, मतदार यादी, आधारवरचा पत्ता, वीजबिल हे सोबत राहत असल्याचे पुरावे. ते चालू ठेवावेत. दुसरीकडे घर घेतल्यावर उत्साहाने सगळीकडे पत्ता बदलणाऱ्याने याचा परिणाम आधी समजून घ्यावा.

पुनर्विकासानंतर चित्र पालटतं. टॉवरमधली नवी सदनिका मालकीची आणि सोसायटी सहकारी. तिथे मृत्युपत्र पूर्ण चालतं. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकात बांधलेल्या. तिथल्या 32 इमारतींतल्या रहिवाशांना म्हाडाच्या प्रकल्पात 500 चौरस फुटांची मालकी हक्काची घरं मिळायची आहेत. ज्या दिवशी ते घर वडिलांच्या मालकीचं होईल, त्या दिवसापासून त्यांच्या विलला अर्थ येतो. जुन्या खोलीच्या काळात केलेलं विल असेल तर ते नव्याने करावं, हे सांगायला सहसा कोणी येत नाही.

मृत्युपत्राबद्दलचे बाकीचे समज पटकन आटोपतात. त्याला स्टँप पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, केलेली चांगली. हाताने लिहिलेलंही चालतं. लागतात ते दोन साक्षीदार, सही करणाऱ्याला प्रत्यक्ष सही करताना पाहणारे. ते वयाने तरुण आणि मृत्युपत्रातून काही न मिळणारे असावेत, कारण पुढे कोर्टात त्यांच्यापैकी एकाला तरी उभं राहावं लागू शकतं. "मुंबईत प्रोबेटशिवाय विल चालत नाही" हे मात्र कालपर्यंत खरं होतं. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 213 मुळे मुंबई, कोलकाता, चेन्नई इथे हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावरचं न्यायालयाचं शिक्कामोर्तब, घ्यावंच लागे. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने निरसन आणि सुधारणा कायद्याने हे कलम काढून टाकलं. भावंडांत वाद दिसत असेल तर प्रोबेट आजही घेतलेलं बरं, पण सक्ती संपली आहे.

आता नॉमिनी. हा गैरसमज शिकलेल्या घरांतही तितकाच खोल आहे. 1973 मध्ये 'कालनिर्णय' सुरू करणाऱ्या जयंतराव साळगावकरांच्या पश्चात त्यांच्या शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत नेमका हाच कायद्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापुढे गेला: नॉमिनी मालक होतो का? आधी 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्याच एका निकालाने शेअरच्या बाबतीत 'होतो' असं म्हटलं होतं, त्यामुळे गोंधळ होता. 2016 मध्ये खंडपीठाने ते मत चूक ठरवलं आणि 14 डिसेंबर 2023 ला शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. नॉमिनीने रक्कम ताब्यात घ्यायची आणि मृत्युपत्राप्रमाणे, ते नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे, हक्कदारांना द्यायची. विम्यात पती-पत्नी, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर 2015 च्या दुरुस्तीने थोडं वेगळं म्हटलं आहे, पण त्यावर न्यायालयांत एकमत नाही. गृहनिर्माण सोसायटीतही नॉमिनी फक्त तात्पुरता सभासद होतो. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम 154ब-13 तसंच सांगतं.

तरीही नॉमिनी लावाच. त्याच्यामुळे पैसे अडकत नाहीत आणि दिवसकार्याच्या दिवसांत घरच्यांना बँकेत खेटे कमी घालावे लागतात. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू माणसामागे पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई, या सगळ्यांचा समान वाटा. गावी, कणकवलीला किंवा साताऱ्याला, आजी हयात असेल तर तीही वाटेकरी, हे परळमध्ये बसून हिशेब करणाऱ्यांच्या ध्यानातच नसतं. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने मुलींना 1994 मध्येच हक्क दिला, पण त्या कायद्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद गेला आणि 2020 च्या विनीता शर्मा निकालाने वडील कधी वारले हा मुद्दाही उरला नाही. तेराव्याला बहीण "मला काही नको, दादा" म्हणते. तिच्या मनातलं प्रेम खरं असतं, पण त्या शब्दांनी गावच्या घरातला तिचा हक्क सुटत नाही. त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. आणि तिने ते द्यायलाच हवं असा कुठलाही नियम नाही.

या सगळ्या चर्चेत एक मोठा काळ सुटून जातो. आईवडील आहेत, पण सही करण्याच्या अवस्थेत नाहीत, असा काळ. पक्षाघात, स्मृतिभ्रंश. इथे मुखत्यारपत्र उपयोगी पडेल असं सगळ्यांना वाटतं, आणि नेमकं इथेच ते संपतं. देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर ते रद्द होतं हे काहींना माहीत असतं. देणाऱ्याचं भान हरपलं तरी ते रद्द होतं, हे जवळपास कोणालाच माहीत नसतं. मग आईच्या नावावरची ठेव आईच्याच दवाखान्यासाठी मोडता येत नाही. अशा वेळी उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने तसे आदेश अनेकदा दिले आहेत, पण त्यात वेळ जातो, वकील लागतो, आणि रुग्ण घरात असतो. म्हणून आई ठणठणीत असतानाच निदान एक खातं आणि एक ठेव 'दोघांपैकी कोणीही' अशा पद्धतीने संयुक्त करावी, तिच्या राजीखुशीने, आणि बाकीच्या भावंडांना सांगून. लपवून केलेलं संयुक्त खातं पुढे भांडणाचं मूळ होतं. सत्तरी ओलांडलेल्या ग्राहकाला घरपोच सेवा देण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच बँकांना दिली आहे. ती मागून घ्यावी.

गिरणीतून निवृत्त झालेल्यांपैकी ज्यांना कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचं (ईपीएस-95) निवृत्तिवेतन मिळतं त्यांची किमान रक्कम महिना 1,000 रुपये, 2014 पासून तीच. तेवढ्यासाठीही नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला म्हाताऱ्या माणसाला रांगेत उभं करतात. या योजनेत दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्यापासून 12 महिने चालतो. मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्याही होतो.

खर्चाचं बोलायचं तर, 70 वर्षांवरच्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता आयुष्मान भारत योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, ऑक्टोबर 2024 पासून. "आमची परिस्थिती बरी आहे, आम्हाला नाही मिळणार" म्हणून कार्ड न काढणारे पुष्कळ आहेत. पण ही सोय रुग्णालयात दाखल झाल्यावरची. घरी ठेवलेली आया, डायपर, फिजिओथेरपी, रोजच्या गोळ्या यांना ती लागू नाही, आणि खरा खर्च तिथेच झिरपत राहतो. तो बहुधा सोबत राहणाऱ्या एकाच भावंडाच्या अंगावर पडतो. त्याने वहीत हिशेब लिहावा आणि तो दर महिन्याला सगळ्यांना पाठवावा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पाच वर्षं मनात साठलेला हिशेब वाटणीच्या दिवशी बाहेर येतो, तेव्हा त्याचे आकडे कोणालाच पटत नाहीत.

"सांभाळणं मुलाचं काम, मुलगी परक्या घरची." हेही कायद्याला मान्य नाही. कल्याणच्या डॉ. विजया अरबट यांच्या प्रकरणात 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची कमाई असलेली विवाहित मुलगीही वडिलांच्या पोटगीला बांधील असल्याचं सांगितलं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात मुलगा, मुलगी, नातवंडं सगळी येतात. हक्क समान मागायचा तर भारही समान, हे मला रास्त वाटतं.

याच ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 प्रत्येक आईवडिलांना ठाऊक हवं. "घर आत्ताच मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करून टाकू, नंतरची कटकट नको" असं म्हणत पुष्कळजण सही करतात. सांभाळ झाला नाही तर ते बक्षीसपत्र न्यायाधिकरण रद्द करू शकतं, पण सांभाळण्याची अट त्यात होती हे दिसायला हवं. 2025 च्या ऊर्मिला दीक्षित निकालात न्यायालयाने आईच्या बाजूने उदार अर्थ लावला. तरी न्यायालयाच्या उदारपणावर विसंबण्यापेक्षा बक्षीसपत्रातच सरळ एक ओळ लिहून घ्यावी: आमचा निवास, जेवण, औषधोपचार हयातभर पाहण्याच्या अटीवर ही मिळकत देत आहोत. मुलगा चांगला आहे म्हणून ही ओळ लिहायला संकोच वाटतो. चांगल्या मुलाला ती ओळ खटकणार नाही. आणि शक्य असेल तर बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्रच करावं, कारण ते हयातीत केव्हाही बदलता येतं. अडचण आलीच तर ज्येष्ठांसाठीचा 14567 हा मोफत क्रमांक आहे.