हात जोडून नोंदवलेली नापसंती

इंग्रजीत नापसंती दर्शवणाऱ्या क्रियापदांची वाण नाही. त्यांतल्या बऱ्याच शब्दांच्या मुळाशी कोणी ना कोणी अधिकारी बसलेला दिसतो. ‘कन्डेम’च्या मागे शिक्षा सुनावणारा न्यायाधीश आहे. ‘सेन्शुअर’च्या मागे प्राचीन रोममधला सेन्सॉर आहे; नागरिकांची गणना करणे आणि त्यांच्या आचरणावर नजर ठेवणे ही त्याची कामे. ‘डिनाउन्स’चा मूळ अर्थ जाहीर करणे, म्हणजे तिथे दवंडी देणारा आला. ‘डेप्रिकेट’ या क्रियापदामागे मात्र हात जोडून उभा असलेला माणूस आहे. तो ओळखल्याशिवाय हा शब्द मराठीत नीट उतरत नाही, असे मला वाटते.

मूळ लॅटिन क्रियापद ‘डेप्रेकारी’. ‘डे’ म्हणजे दूर, ‘प्रेकारी’ म्हणजे विनवणे. येऊ घातलेले संकट विनवणी करून दूर सारणे, हा त्याचा अर्थ. इंग्रजीतला प्रार्थनेचा ‘प्रे’ याच कुळातला. ‘प्रिकेरिअस’ही त्यातलाच: जे विनवणी करून मिळाले आणि देणाऱ्याच्या मर्जीवर टिकून आहे, ते डळमळीत असणारच. या कुळाची दुसरी शाखा आपल्या घरात आहे. संस्कृत ‘प्रच्छ्’ हा धातू, त्यावरून आलेले ‘प्रश्न’ आणि ‘पृच्छा’, आणि आपले साधे ‘पुसणे’ हे सारे या लॅटिन शब्दाचे दूरचे भाऊबंद. मागणे आणि विचारणे मुळात एकच होते.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे क्रियापद इंग्रजीत आले, ते प्रार्थनेचा अर्थ घेऊनच. ख्रिस्ती उपासनेत त्याचे नाम आजही त्या अर्थाने टिकून आहे. क्रॅनमरने 1544 मध्ये इंग्रजीत सिद्ध केलेल्या ‘लिटनी’ या सामुदायिक प्रार्थनेतल्या एका भागाला ‘डेप्रिकेशन्स’ म्हणतात. धर्मगुरू वीज, वादळ, साथ, दुष्काळ, लढाई, अकस्मात मृत्यू अशी एकेक आपत्ती उच्चारतो आणि जमलेले लोक दर वेळी, देवा, यातून सोडव, अशा अर्थाचे पालुपद म्हणतात. कोकणातले गाऱ्हाणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. तिथेही एक जण देवापुढे गावाची संकटे मांडतो आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत साथ देतात.

जे होऊ नये म्हणून आपण देवाला विनवतो, ते आपल्याला नापसंत असते हे उघडच आहे. त्याच शतकात ‘डेप्रिकेट’चा अर्थ तिकडे सरकला. देव वाक्यातून बाहेर पडला, नापसंती मागे राहिली. पण जुनी ढब पुरती गेली नाही. एखाद्या माणसाला डेप्रिकेट करण्यापेक्षा घाई, हिंसा, कठोर भाषा अशा गोष्टी डेप्रिकेट केल्या जातात. सूर आरडाओरड्याचा नसतो. ‘असे होऊ नये’ असा असतो.

इथे ‘गाऱ्हाणे’ पुन्हा आठवावे. त्याचे नाते संस्कृत ‘गर्ह्’ या धातूशी, म्हणजे निंदा करणे, दोष देणे याच्याशी जोडले जाते. ‘गर्हणीय’ त्यातलाच. मराठीत निंदेची तक्रार झाली आणि कोकणात तक्रारीची प्रार्थना झाली. इंग्रजी शब्द प्रार्थनेकडून निंदेकडे गेला, आपला निंदेकडून प्रार्थनेकडे. दोन्ही भाषांना एकच गोष्ट उमगली असावी: ज्याच्या हाती सत्ता नाही, त्याची तक्रार आणि त्याची प्रार्थना यांत फारसे अंतर नसते.

पुढे या शब्दाची गाठ ‘डिप्रिशिएट’शी पडली. त्याचे मूळ वेगळे. ‘प्रेटिअम’ म्हणजे किंमत. हिशेबनीस ज्याला घसारा म्हणतात, तो हाच. दोहोंतल्या गोंधळाबद्दल फाउलरने 1926 च्या आपल्या प्रसिद्ध कोशात बजावले होते. तरीही स्वतःकडे कमीपणा घेण्याला आज ‘सेल्फ-डेप्रिकेटिंग’ असेच म्हणतात. खरे तर तिथे घसाऱ्याचा शब्द हवा होता. पण रूढीपुढे कोशकाराचे चालत नाही.

शब्दाचा सर्वांत ताजा मुक्काम संगणकक्षेत्रात आहे. डिसेंबर 1997 मध्ये जाहीर झालेल्या ‘एचटीएमएल 4.0’ने ‘फॉण्ट’ आणि ‘सेंटर’ या खुणा ‘डेप्रिकेटेड’ ठरवल्या. याचा अर्थ त्या बंद पडल्या असा नाही. त्या चालतात, पण नव्या कामात वापरू नका, पुढे त्या काढून टाकल्या जाऊ शकतात, एवढेच सांगणे. युनिकोडमध्ये तर एकदा स्थान मिळालेले अक्षर कधीच काढत नाहीत. तिबेटी लिपीतल्या दीर्घ ‘ॠ’च्या एका स्वरचिन्हावर हाच शिक्का आहे. ते वापरू नये असा सल्ला आहे, पण त्याची जागा कायम आहे. हुकूम देता येत नाही तिथे विनंती करावी लागते, कारण जुन्या खुणांवर असंख्य पाने उभी असतात.

अनुवादात या शब्दासाठी अनेकदा ‘निषेध’ वापरला जातो. पण निषेध हा विधीचा विरोधी शब्द. त्यात मनाईचा अधिकार आहे. आज तो मोर्च्यात घोषणा होऊन येतो, तेव्हाही त्याची मूठ वळलेलीच असते. संगणकासाठी ‘बाद’ किंवा ‘रद्द’ म्हणणे तर चूकच, कारण वस्तू अजून चालू आहे. मला ‘टळणे’ आणि ‘टाळणे’ ही जोडी जवळची वाटते. बलिप्रतिपदेला आपण ‘इडा पिडा टळो’ म्हणतो, तो लॅटिन क्रियापदाचा पहिला अर्थ. ‘ही खूण टाळावी’ हा आजचा शेवटचा अर्थ. मधल्या अर्थालाही, ‘अशी भाषा टाळायला हवी होती’ या वाक्यात, पुरेशी नापसंती आहे.