मोटारीच्या दाराचा खटका

घराच्या भिंती कितीही भक्कम असल्या, तरी कडी कच्ची असल्यास घर सुरक्षित म्हणतां येत नाहीं. मोटारीचेंही तसेंच आहे. १९४८ सालच्या फोर्ड एफ-१ सारखे जुने पिकअप ट्रक दुरुस्त करून वापरण्याचा छंद अमेरिकेंत अनेकांस आहे. रंग, इंजिन व चाकें यांवर ते सढळ हातानें खर्च करितात. दाराचा खटका मात्र पुष्कळदां जुनाच राहतो. हा खटका कां व कसा बदलावा, याचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करणार आहों.

जुन्या पद्धतीचा खटका दार आपोआप उघडूं नये एवढ्यापुरता बरा असतो. परंतु टक्कर होऊन गाडीचा सांगाडा वांकला व दाराची चौकट ताणली गेली, म्हणजे खटका व खांबावरील पट्टी एकमेकांपासून सरकून सुटतात आणि दार उघडतें. १९५० नंतरच्या दशकांत कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनीं अपघातांची पद्धतशीर पाहणी केली. गाडींतून बाहेर फेकल्या जाणाऱ्या मनुष्यास आंत राहणाऱ्यापेक्षां मृत्यूचें भय पुष्कळच अधिक असतें, असें तींत दिसून आलें. १९५६ सालच्या फोर्ड मोटारींत दुहेरी पकडीचे खटके आले. पुढें १९६८ च्या आरंभापासून प्रवासी मोटारींस सरकारी नियम लागू झाला. त्याप्रमाणें पूर्ण लागलेल्या खटक्यानें लांबीच्या दिशेनें २,५०० पौंडांचा व आडव्या दिशेनें २,००० पौंडांचा जोर सोसला पाहिजे.

जुन्या ट्रकास आतां जो खटका बसवितात, त्यास 'अस्वलाचा पंजा' असें नांव पडलें आहे. त्याचे दोन फिरते जबडे खांबावरील जाड टोपीच्या खुंटीस दोहों बाजूंनीं कवटाळतात. पकड दोन टप्प्यांनीं बसते; म्हणून दार अर्धवट लागलें तरी तें एकदम सताड उघडत नाहीं.

काम करितांना प्रथम बिजागऱ्या तपासाव्या. त्या झिजून दार खालीं उतरलें असेल, तर नवा खटकाही खुंटीशीं जुळणार नाहीं. नंतर दार चौकटींत सारखें बसवून खटक्याची जागा आंखावी; खालीं उतरणारी कांच त्यास अडत नाहीं ना, हेंही पाहावें. खांबाचा पत्रा पातळ असतो. यास्तव त्याच्या पाठीमागें जाड पोलादी पट्टी वेल्डिंगनें जोडून मग खुंटी आंवळावी; एरव्हीं खटका टिकेल, पण पत्रा फाटून खुंटीच निघून येईल. शेवटीं आंतील व बाहेरील मुठींच्या सळया खटक्यास जोडाव्या. दार उघडें असतांनाच स्क्रूड्रायव्हरनें जबडे मिटवावे आणि मूठ ओढतांच ते सुटतात, अशी खात्री करून घ्यावी. ही परीक्षा न करितां दार लोटल्यास तें लागेल खरें, पण उघडणें मोठें कठीण होईल.

खटका बदलला म्हणून कमरेचा पट्टा अनावश्यक होत नाहीं. दोघांचें कार्य परस्परपूरक आहे. बाहेरची मूठ जुनीच ठेवितां येत असल्यामुळें ट्रकाचें मूळ रूपही बिघडत नाहीं. जुन्या वस्तूचा मान राखणें म्हणजे तिचे दोषही जतन करणें नव्हे, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेविलें म्हणजे पुरे.