तब्येतीचं राहू दे, पिक्चरचं बोल

२००६ सालच्या १ जुलैला रॉजर ईबर्ट शिकागोच्या रुग्णालयातून घरी निघायच्या तयारीत होते. जबड्याचा कर्करोगाने धरलेला भाग काढून दोन आठवडे झाले होते. सामान बांधून झालं होतं. निघता निघता एक आवडतं गाणं ऐकावं म्हणून ते थांबले आणि तेवढ्यात शस्त्रक्रियेच्या जागेजवळची मानेतली मोठी धमनी फुटली. गाडीत बसले असते तर वाचले नसते, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं. त्यानंतर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, जबडा पुन्हा बांधण्याचे प्रयत्न फसले, आणि बोलणं, खाणं, पिणं या तिन्ही गोष्टी त्यांच्या आयुष्यातून कायमच्या गेल्या. पोटात थेट जाणाऱ्या नळीतून अन्न मिळायचं. माणसांशी संवाद म्हणजे कागदाचा कपटा नाहीतर लॅपटॉप.

आता हे ईबर्ट कोण, ते सांगायला हवं. १९६७ पासून 'शिकागो सन-टाइम्स'साठी सिनेमावर लिहिणारे आणि १९७५ साली समीक्षेचं पुलित्झर मिळवणारे ते पहिले चित्रपट समीक्षक. जीन सिस्केल यांच्याबरोबर टीव्हीवर ते वर्षानुवर्षं कडाकडा भांडले. अंगठा वर की अंगठा खाली, एवढ्या खुणेवर त्या दोघांनी सिनेमाचे निकाल दिले आणि ते अमेरिकेच्या घराघरांत पोचले. म्हणजे बोलण्यावरच ज्याचं अर्धं आयुष्य उभं होतं, त्याचंच बोलणं गेलं. तरीही २०१२ या एका वर्षात त्यांनी ३०६ चित्रपटांची परीक्षणं लिहिली. इतकी परीक्षणं त्यांनी धडधाकट असतानाही एका वर्षात कधी लिहिली नव्हती. त्याच वर्षी 'साइट अँड साउंड' मासिकाच्या सर्वोत्तम दहा चित्रपटांच्या मतदानात त्यांनी आपली जुनी यादी बदलली आणि टेरेन्स मॅलिकचा नवा 'द ट्री ऑफ लाइफ' तीत घातला. आजारी माणसाची मतं जिवंत होती, बदलत होती. हे त्यांना कशाच्या बळावर जमलं? डॉक्टर, पत्नी चॅझ यांनी केलेली सेवा आणि त्यांची स्वतःची जिद्द, या तिन्हींचं श्रेय मोठं आहे. पण चौथी एक गोष्ट आपण जवळजवळ कधी मोजत नाही. ती म्हणजे जगभर विखुरलेली, एकमेकांना कधी न भेटलेली सिनेमावेडी माणसं. ती रोज त्यांच्याशी सिनेमावर बोलत होती. माझं म्हणणं असं, की ते बोलणं हा आजारावरचा विरंगुळा नव्हता. ती शुश्रूषाच होती.

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचं नेमकं काय हरवतं, ते आधी पाहिलं पाहिजे. टॅलकॉट पार्सन्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५१ साली 'आजाऱ्याची भूमिका' अशी एक कल्पना मांडली. आजारी पडलं की समाज माणसाला नेहमीच्या जबाबदाऱ्यांतून सूट देतो. बदल्यात त्याने बरं व्हायचा प्रयत्न करायचा, डॉक्टरांचं ऐकायचं. सूट ऐकायला बरी वाटते, पण तिची किंमत जबर असते. जबाबदाऱ्यांबरोबर माणसाचं स्थानही जातं. कालपर्यंत ज्याला चार लोक सल्ला विचारत, तो आज फक्त प्रकृतीचा विषय होतो. आपल्याकडे भेटीच्या वेळेत कुठल्याही वॉर्डात हे दिसतं. शहाळं येतं, बिस्किटांचा पुडा येतो, 'काय म्हणाले डॉक्टर?' येतं, आणि मग अमक्याच्या मेव्हण्याला हेच झालं होतं ही कथा येते. प्रेम खरं असतं, त्याबद्दल शंका नाही. पण त्या अर्ध्या तासात पलंगावरच्या माणसाला स्वतःचं मत देण्याची एकही संधी मिळत नाही. तो सगळ्यांकडून फक्त घेत राहतो, आणि सतत घेत राहणं हे शरीराच्या वेदनेइतकंच माणसाला खचवतं.

सिनेमाच्या गप्पा इथे वेगळ्या पडतात. 'शेवट पटला का तुला?' या प्रश्नाला उत्तर देताना रुग्ण हा रुग्ण राहत नाही. त्याचा रिपोर्ट काहीही असो, त्याचं मत दुसऱ्याइतकंच वजनदार असतं. ईबर्ट यांनी २००८ साली इंटरनेटवर आपलं जर्नल लिहायला सुरुवात केली. त्याच सुमारास त्यांचं कमरेचं हाडही मोडलं होतं. वाचकांच्या प्रतिक्रिया ते स्वतः वाचत, निवडत, मध्येच उत्तर देत. प्रतिक्रियाही दोन ओळींच्या नसत. लोक पानपानभर लिहीत, एकमेकांना खोडून काढत, विसरलेले सिनेमे उकरून काढत. त्यांतल्या काहींचं लेखन ईबर्ट यांना इतकं आवडलं, की त्यांनी इजिप्त, तुर्कस्तान, दक्षिण कोरिया, मेक्सिको, फिलिपिन्स, भारत अशा देशांतल्या चाहत्यांना आपल्या संकेतस्थळावर लिहायला बोलावलं. दूरदूरचे वार्ताहर अशा अर्थाचं नाव त्यांना दिलं. २०१० साली इलिनॉयमधल्या शँपेन गावी, ईबर्ट यांच्याच महोत्सवात, यांतले बरेच जण पहिल्यांदा एकमेकांना प्रत्यक्ष भेटले. यजमान बोलू शकत नव्हता, पण ही मंडळी जमली होती ती त्याच्याच गोतावळ्यात. ज्याला सगळ्यांनी आधार द्यायचा, तोच दुसऱ्यांना लिहितं करत होता. आजाऱ्याकडून काही मिळतं आहे, हे त्याला दिसणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

या संबंधात कीव नव्हती याचा ठळक पुरावा एका भांडणात आहे. एप्रिल २०१० मध्ये ईबर्ट यांनी लिहून टाकलं की व्हिडिओ गेम ही कधीच कला होऊ शकत नाही. हजारो प्रतिक्रिया आल्या, आणि बहुतेक विरोधात. या माणसाला जबडा नाही, बिचाऱ्याला कशाला दुखवा, असा विचार करून तरुण वाचक गप्प बसले नाहीत. त्यांनी मुद्दे मांडले, उदाहरणं दिली, चिडले. जुलैत ईबर्ट यांनी पुन्हा लिहिलं आणि कबूल केलं की गेम नीट न खेळता असा निकाल द्यायला नको होता. एखाद्या गंभीर आजारी माणसाशी इतकं कडकडून भांडणं आपल्याला निर्दयपणाचं वाटेल. मला तो आदर वाटतो. आजाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणं म्हणजे त्याचं वाक्य आता मोजलं जात नाही असं त्याला सांगणं. तोंडाने एक घासही घेऊ न शकणाऱ्या या माणसाने भात शिजवायच्या इलेक्ट्रिक कुकरवर एक आख्खं पुस्तक लिहिलं, तेही २०१० सालीच. त्यात वाचकांनी पाठवलेल्या पाककृती आणि शेरे घेतले. जेवण गेल्यावर चवीपेक्षा पंगतीतल्या गप्पांची, थट्टेची, वादांची उणीव जास्त भासते, असं त्यांनी लिहिलं होतं. ती पंगत त्यांनी पडद्यावर पुन्हा मांडली.

एका माणसाच्या उदाहरणावर सगळा डोलारा उभा करू नये, म्हणून संशोधनाकडेही पाहू. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना सहन करण्याची क्षमता मोजली. कधी दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून, कधी हातावर गोठवलेलं आवरण गुंडाळून, माणूस किती वेळ सहन करतो ते पाहिलं. २०११ च्या निबंधात त्यांना दिसलं की हसवणारे प्रसंग पाहून खळखळून हसल्यावर ती क्षमता वाढते, आणि हसू चार जणांत जास्त फुटतं. २०१६ साली त्यांनी उलट बाजू तपासली. एका बेघर माणसाच्या आयुष्यावरचा अतिशय दुःखद चित्रपट गटाला दाखवला, आणि आधी व नंतर भिंतीला पाठ लावून, खुर्चीशिवाय बसल्याच्या अवस्थेत किती वेळ टिकतात ते मोजलं. ज्यांना चित्रपट मनापासून भिडला त्यांची सहनशक्ती वाढली, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी लोकांबद्दलची जवळीकही. म्हणजे एकत्र रडणंही एकत्र हसण्यासारखंच काम करतं. मेंदूत स्रवणारी एंडॉर्फिन द्रव्यं याच्या मुळाशी असावीत, असं डनबार यांचं मत आहे.

पण इथे पाऊल जपून टाकायला हवं, कारण या विषयात थापा फार मारल्या जातात. १९८९ साली स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या ज्या स्त्रिया आधारगटात जात होत्या, त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, आणि न जाणाऱ्या १८.९ महिने. जगभर गाजावाजा झाला. मग २००१ साली पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी कॅनडात २३५ स्त्रियांवर तसाच प्रयोग केला, तर आयुष्य वाढल्याचं काही दिसलं नाही. पुढे स्पीगल यांनाही आपला पहिला निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही. मात्र गुडविन यांच्या अभ्यासात आधारगटातल्या स्त्रियांचा मानसिक त्रास आणि जाणवणारी वेदना कमी झाली होती, विशेषतः ज्या सुरुवातीलाच जास्त खचलेल्या होत्या त्यांची. माझ्या युक्तिवादाला एवढं पुरे आहे. गप्पांनी गाठ विरघळत नाही. ईबर्ट ४ एप्रिल २०१३ रोजी, सत्तराव्या वर्षी गेलेच. ज्यांना गप्पांत औषध दिसतं त्यांनी रुग्णाच्या उपचारांत ढवळाढवळ करू नये. पण सोबतीचं मोल तिने किती वर्षं मिळवून दिली यावर ठरवायचं, हा हिशेबच मला मान्य नाही. आयुष्याचा एक दिवसही वाढला नाही, पण आहेत ते दिवस कमी दुखले, तर ते पुष्कळ झालं.

आक्षेप येईल की हे तर सत्याकडे पाठ फिरवणं झालं. समोर मरण उभं आणि तुम्ही क्लायमॅक्सवर काय बोलता? याचं उत्तर सिस्केल आणि ईबर्ट यांच्यातल्या फरकात आहे. सिस्केल यांना मेंदूत गाठ झाली. १९९८ मध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि २० फेब्रुवारी १९९९ रोजी ते गेले. आजार किती गंभीर आहे हे त्यांनी घरच्यांपलीकडे कुणाला कळू दिलं नाही, ईबर्ट यांनाही नाही. तो त्यांचा अधिकार होता. पण सोबत्याला निरोप देता आला नाही याची खंत ईबर्ट यांना राहिली. म्हणून त्यांनी स्वतःच्या बाबतीत उलट ठरवलं. २००७ च्या वसंतात, गळ्याभोवती पट्ट्या असताना, जबडा लोंबत असताना, ते आपल्या महोत्सवात सर्वांसमोर आले. फोटो छापून येतील म्हणून लोकांनी सावध केलं होतं, त्याची त्यांनी पर्वा केली नाही. पुढे सिनेमावर चर्चा झाली ती सगळं ठाऊक असणाऱ्या माणसांत. लपवाछपवी करून मारलेल्या गप्पा आणि सगळं कळल्यावर मारलेल्या गप्पा यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. शिवाय सिनेमा हा मरणाचा विषय टाळायची जागा कुठे आहे? कुरोसावांच्या 'इकिरू'त कर्करोग झालेला कारकून आहे, आणि हा चित्रपट ईबर्ट यांच्या लाडक्या चित्रपटांपैकी एक. स्वतःच्या मरणावर थेट बोलायला जीभ रेटत नाही तेव्हा त्या कारकुनाबद्दल बोलता येतं, आणि ऐकणाऱ्यालाही कळतं की बोलणं कुणाबद्दल चाललं आहे.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. पडद्यापलीकडचा मित्र डबा आणत नाही, रात्री उशाशी बसत नाही, संमतीपत्रावर सही करत नाही. खरं आहे. ती कामं चॅझ यांनी केली, आणि त्यांच्या जागी हजार वाचक उभे राहिले तरी भरपाई झाली नसती. ईबर्ट यांच्याकडे पैसा आणि प्रसिद्धी होती, हेही खरं. परळला टाटा रुग्णालयात उपचारासाठी दूरच्या राज्यातून आलेल्या आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब समजणाऱ्या माणसाला पिक्चरच्या गोष्टी कशाला सांगता, असं कुणी विचारेल. आधी निवारा, आधी औषध, यात वादच नाही. पण तो माणूसही आपल्या माणसांतून उपटला गेलेला असतो. ज्या टोळक्याबरोबर त्याने तालुक्याच्या टॉकीजला सिनेमे पाहिले, ते टोळकं गावीच राहिलेलं असतं, आणि त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ता फोन हाच. सिनेमा हा या देशात शिकलेल्या आणि न शिकलेल्या माणसाला सारख्या हक्काने बोलता येईल असा दुर्मिळ विषय आहे. गरिबाला फक्त मदत लागते आणि गप्पा श्रीमंताला, ही समजूत गरिबाच्या माणूसपणावर अन्याय करणारी आहे. फसवणुकीचा धोका मात्र खरा धरला पाहिजे. आजाराचं सोंग आणून इंटरनेटवर सहानुभूती गोळा करणाऱ्यांबद्दल मार्क फेल्डमन या मानसोपचारतज्ज्ञाने २००० सालीच लिहून ठेवलं. पैशाची मागणी आली की पडताळणी करावी. गप्पांना मात्र पावती मागण्याची गरज नसते.

बोलायचं कसं, हेही थोडं शिकावं लागतं. प्रत्यक्ष बैठकीत ईबर्ट यांची पंचाईत व्हायची, कारण त्यांचं वाक्य टाइप होईपर्यंत विषय पुढे गेलेला असे. लिहून होणाऱ्या गप्पांत ही अडचण नाही. थकलेला माणूस दुपारी वाचतो, झोपतो, दुसऱ्या दिवशी उत्तर देतो. म्हणून उत्तराचा तगादा लावू नये, 'वाचलंस का?' विचारू नये. 'लवकर बरा हो'चं फुलांचं चित्र पाठवण्यापेक्षा एखाद्या प्रसंगावर नेमका प्रश्न पाठवावा. अख्खा चित्रपट बघायची ताकद नसेल तर दहा मिनिटांचा तुकडा दोघांनी आपापल्या जागी बघावा. कोणता, ते त्याला ठरवू द्यावं, आणि दुःखाचे सिनेमे आपणच परस्पर वगळू नयेत. वॉर्डात सगळ्यात लांब वाटते ती रात्र, आणि तिथे जगभर पांगलेल्या मराठी मंडळींचा मोठा उपयोग आहे. उन्हाळ्यात पुण्यात पहाटेचे तीन वाजतात तेव्हा न्यू जर्सीत संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. 'सामना'त लागू भारी की निळूभाऊ, यावर कडकडून भांडायला तिकडे तेव्हा कुणीतरी कामावरून मोकळं होत असतं.